गुलाबाची आठवण, बातमीचा विसर

हल्ली दर पंधरा-वीस दिवसांनी आपल्या महिला मंडळाच्या गटावर एक चित्रफीत फिरत येते. चाळीस वर्षांपूर्वीच्या दूरदर्शनच्या बातम्यांचा तुकडा. आवाजात खरखर, रंग उडालेले, मध्ये एक बाई बसलेली, पदर नीट, हातात कागद. खाली मजकूर ठरलेला असतो: ‘काय ती शालीनता! नाहीतर आताच्या या किंचाळणाऱ्या पोरी.’ मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. कुणी सलमा सुलतानच्या केसातला गुलाब आठवतं, कुणी स्मिता पाटीलचे डोळे, कुणी नुसतंच ‘गेले ते दिवस’ लिहून निःश्वास टाकतं. त्या रांगेत माझे हात नसतात. ‘तुम्हाला नाही का हो आवडत?’ असं दोघी-तिघींनी विचारलंसुद्धा. आवडतं की. पण त्यातलं जे उचलून आपण डोक्यावर घेतलंय ते मला पटत नाही, आणि त्याचा जो वापर चाललाय तो तर मुळीच नाही.

आधी जरा वयाचा हिशेब करू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचत होत्या त्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत. १९७५ मध्ये ‘निशांत’ आला आणि पुढे त्या सिनेमाच्याच झाल्या. गटावर ‘मला अजून आठवतं’ म्हणून लिहिणाऱ्या माझ्या बरोबरीच्या बायका त्या वेळी एक तर पाळण्यात होत्या, नाहीतर बालवाडीच्या पायरीवर रडत होत्या. आणि बेळगावात टीव्ही होता कुणाच्या घरी? मुंबईचं प्रक्षेपण मुंबईच्या आसपासच पोचायचं. १९७३ मध्ये सिंहगडावर केंद्र झालं म्हणून पुण्याला दिसू लागलं. कृष्णा-पंचगंगा ओलांडून ते काही निपाणीला आलं नाही. तेव्हा आपल्याला जे ‘आठवतं’ ते पाहिलेलं नाही, गेल्या आठ-दहा वर्षांत मोबाइलवर आलेलं आहे. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम पाहून आपण जेवून आल्यासारखं बोलतोय.

ज्यांचे नातेवाईक पुण्या-मुंबईला होते त्यांना मे महिन्याच्या सुट्टीत थोडं दिसलं. मी मावशीकडे पुण्याला जायची. घरी सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, भांडी घासून ओटा पुसून झाला की संध्याकाळच्या मराठी बातम्या लागायच्या, आणि मावशी, तिच्या जावा, आम्ही पोरी अशा सगळ्या जणी त्या पहिल्या ठळक बातमीपासून शेवटच्या हवामानापर्यंत बसून ऐकायच्या. वाड्यातल्या बाकीच्या बायका त्या वेळी पोळ्या लाटत असायच्या, त्यांच्या कानावर भिंतीपलीकडून पडेल तेवढंच. रात्रिभोजनत्यागाचा हा फायदा कुठल्या शास्त्रात लिहिलेला नाही, पण होता खरा.

बेळगावात घरोघर टीव्ही आला तेव्हा आपल्याला दिसली ती दिल्ली. १९८४ च्या सुमारास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. ती मुख्यतः दिल्लीचाच कार्यक्रम पुढे देत. बातम्या हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी बातमी ऐकायची तर रेडिओला कान लावायचा, सकाळी सातनंतर पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांचा स्वच्छ आवाज. वाचायची तर ‘तरुण भारत’ची वाट पाहायची. म्हणजे सीमाभागातल्या मराठी बाईची बातमीची खरी आठवण चेहऱ्याची नाहीच. ती आवाजाची आहे. नरवणे बाई कुठली साडी नेसून बसत हे आपल्याला कधी कळलं नाही आणि त्यावाचून आपलं काही अडलंही नाही. चूल पेटवता पेटवता त्यांचं वाक्य सुरू झालं की हात थांबायचा, तो त्या काय सांगताहेत यासाठी. ती आपली आठवण आपण टाकून दिली आणि मुंबई-दिल्लीच्या लोकांची केस-पदर-गुलाबाची आठवण उसनी आणली. का बरं?

मला उत्तर दिसतं ते या ‘शालीन’ शब्दात. तो शब्द मला चित्रफितीपेक्षा जास्त खटकतो.

स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. विशीही न गाठलेली कॉलेजातली मुलगी. कामाची वेळ झाली की साडी, काम संपलं की ती काढून चालू लागायची. ज्या पदराला आपण हात जोडतो तो त्या मुलीच्या लेखी कंडक्टरच्या खाकीसारखा गणवेश होता. आणि भक्ती बर्वे? मुंबईच्या पडद्यावर नितळ मराठीत बातम्या वाचणारी हीच बाई १९७५ पासून रंगमंचावर ‘ती फुलराणी’तली मंजुळा होती. पुलंचं ते नाटक आहेच मुळी जिभेबद्दल. अशुद्ध बोलणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवून तिची बाहुली करणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्या बाहुलीला राग येतो त्याबद्दल. एक बाई दोन्ही भाषा तितक्याच ताकदीने बोलायची. पुढे १९८३ मध्ये ‘जाने भी दो यारो’ आला, त्यात त्या वर्तमानपत्राच्या संपादिका झाल्या, आणि ती संपादिका कशी, तर हाती लागलेल्या पुराव्यावर बातमी छापण्याऐवजी पैसे उकळू पाहणारी! बातम्यांच्या धंद्याचं पुढे काय होऊ शकतं ते त्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं म्हणा ना. अशा बाईला नुसतं ‘शालीन’ म्हणून हात जोडणं म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटातलं मीठ तेवढं चाखून उठणं.

पुरुषांचं कसं होतं बघा. विश्वास मेहेंदळे यांचं नाव मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून घेतात. अनंत भावे होते, ते मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे लेखक. प्रदीप भिडे होते, २०२२ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा गावोगाव लोक हळहळले. भिड्यांबद्दल लोक काय बोलले? आवाज, उच्चार, भाषेवरची पकड. त्यांच्या शर्टाचा रंग कुणी आठवला नाही, आणि भावे सरांना कुणी शालीन म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. काम तेच, कागद तोच, टेबलही तेच. पुरुषाचा आवाज लक्षात राहतो आणि बाईचा गुलाब. आणि हे पुरुषांनी केलं असतं तर एक वेळ समजले असते. आपल्या गटात एकही पुरुष नाही.

त्या बायांचं खरं कौतुक करायचं तर कामाचं करा. बातम्या यायच्या बहुतेक इंग्रजीतून. त्या मराठीत उतरवणारा कुणीतरी आत घाईत बसलेला असायचा. कागद हातात पडायचे कधी वेळेवर, कधी निम्म्या बातम्या वाचून झाल्यावर. समोरच्या पडद्यावर अक्षरं सरकवणारी यंत्रं नंतर आली. त्याआधी मान खाली, एक वाक्य डोळ्यांनी उचलायचं, मान वर, ते वाक्य बोलायचं, आणि बोलता बोलता पुढच्या वाक्याचा अंदाज घ्यायचा. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘ष’, परदेशी पुढाऱ्यांची जीभ वळणार नाही अशी नावं, अर्थसंकल्पाचे आकडे, आणि वाक्यात श्वास नेमका कुठे घ्यायचा ते. घरी करून पाहा. आजच्या पेपरातली पहिली बातमी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा, एकदाही न अडखळता, वर बघत. तिसऱ्या ओळीला कळेल.

आणखी एक चांगली गोष्ट होती: बातम्या संपायच्या. ठरावीक मिनिटांनी नमस्कार करून बाई उठायची आणि आपणही उठायचो. त्यात कुणाचा संयम नव्हता, वेळापत्रक होतं. पण घराला त्याचा फार उपयोग व्हायचा.

आता त्या शांत आवाजाबद्दल. मला माहीत आहे की हे पुष्कळांना लागेल. तो शांत आवाज सरकारी होता. दूरदर्शन सरकारचं खातं होतं. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात त्याच शांत, सुस्पष्ट, शालीन आवाजात जे वाचलं गेलं ते एकाच बाजूचं होतं. किशोर कुमारने सरकारच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून त्याची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून बंद झाली. प्रसारमाध्यमांच्या या गैरवापरावर पुढच्या सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका काढली. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसी ऐकणाऱ्यांना त्या गेल्याचं दुपारीच कळलं होतं. आपल्याकडे अधिकृत बातमी आली संध्याकाळी. दूरदर्शनवर ती सलमा सुलतान यांनी सांगितली, आणि काय अवघड काम असेल ते! त्यांनी ते संयमानं केलं, त्यांना माझा नमस्कारच. पण त्या संयमाआड मधले काही तास देशाला अंधारात ठेवलं गेलं, ते काही त्यांच्या हातात नव्हतं. बाई कागद वाचणार, कागद कुणी लिहिला ते ती सांगणार नाही. शांत आवाज म्हणजे खरा आवाज, ही समजूत डोक्यातून काढा. शांतपणे खोटं बोलणारी माणसं आपण आपल्या घराण्यांतसुद्धा पाहिली आहेत.

आणि आपलंच उदाहरण. जून १९८६ मध्ये इथे कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. आपल्या गल्लीत काय चाललंय ते आपल्या भाषेत सांगणारी बाई तेव्हा कुठल्याही पडद्यावर नव्हती. स्थानिक वाहिनी हा प्रकारच नव्हता. असती तर तिने खालच्या पट्टीत, केसात फूल माळून सांगावं, अशी आपली अपेक्षा असती का?

‘म्हणजे आताचं बरं म्हणता?’ नाही हो. एका चौकटीत सहा डोकी, सहाही एकदम ओरडताहेत, खाली तीन रांगांत अक्षरं पळताहेत, कुणाच्या तरी घरातलं भांडण दिवसभर चघळलं जातंय. हे मीही बंद करते. आपल्याकडे याला नावं आधीपासून आहेत, नवीन शोधायला नकोत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’ आहे, दुसऱ्यांचं एकांतातलं उघड करणं. ‘कूटलेखक्रिया’ आहे, खोटा लेख तयार करणं. कापून-जोडून केलेल्या चित्रफितीला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांनी हे दोन शब्द हातात घेऊन एक संध्याकाळ कुठलीही मोठी वाहिनी पाहावी, पोथी उलगडून सांगायला पंडितजी लागणार नाहीत. मात्र परवा एका व्याख्यानात त्या सहा डोक्यांच्या आरड्याला ‘अनेकांतवादच की’ असं कुणी म्हणालं आणि सगळे हसले, तेव्हा मला हसू आलं नाही. अनेकांतात दुसऱ्याचं म्हणणं आधी पूर्ण ऐकावं लागतं.

माझी आज्जी तर सरसकट सगळ्याच बातम्यांना नावं ठेवायची. राजकथा, राष्ट्रकथा, भोजनकथा, स्त्रीकथा या विकथा. त्यात जीव गुंतवू नये, सामायिक चुकतं. तिच्या हिशेबी गुलाबवाली आणि किंचाळणारी दोघी एकाच पंगतीला. मी आज्जीच्या बाजूची नाही. नळाला पाणी कधी येणार ही राष्ट्रकथा नव्हे. पण एका बाबतीत तिचं बरोबर होतं: बातमी सोडून बातमी सांगणारीच्या पदराविषयी बोलत बसणं ही शुद्ध स्त्रीकथा आहे, आणि ती आपण भक्तिभावाने, हात जोडून करतो आहोत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. आपल्याच समाजातली एक मुलगी गावातल्या एका लहानशा वाहिनीवर मराठी बातम्या देते. नाव लिहीत नाही, ओळखणाऱ्या ओळखतील. ती नुसती वाचत नाही. सकाळी स्कूटीवरून अनगोळला फुटलेली जलवाहिनी बघून येते, दुपारी महापालिकेच्या सभेत उभी राहते, संध्याकाळी स्वतःच लिहिते, स्वतःच वाचते, स्वतःच चित्रफीत कापून जोडते. शासनाचं पत्रक येतं कन्नडमध्ये. दूरदर्शनवाल्यांकडे भाषांतराला निराळी माणसं होती, हिच्याकडे ही एकटीच. तास-दीड तासात त्याचं मराठी करून ती कॅमेऱ्यासमोर बसते. राकसकोपची पातळी किती, शहापूरला पाणी कधी, कुठल्या मराठी शाळेत पहिलीला मुलंच आली नाहीत, रेशनला या महिन्यात काय मिळणार. १९७२ मध्ये नव्हतं, ८४ मध्ये नव्हतं, ८६ मध्ये हवं असून नव्हतं, ते हे. आपल्या गावाची बातमी, आपल्या भाषेत, आपल्यातल्या बाईकडून.

आणि तिच्या बातमीखाली आपल्या गटातल्या एका काकूंनी काय टाकलं? ती जुनी चित्रफीत. ‘बघ आणि शीक. बोलताना हात किती हलवतेस!’ दुसऱ्या एकीने लिहिलं, ‘कुर्ता घालून बातम्या?’ तिसरीने तिच्या ‘आनि’ला आणि ‘पानी’ला लाल रंगात गोल करून पाठवलं. शालीनतेचा उपयोग होतो तो असा. आधी एका बाईची मूर्ती करायची आणि मग तीच उचलून दुसरीच्या डोक्यात घालायची. मूर्ती झालेल्या बाईलाही त्यात काही मिळत नाही, तिला तर विचारलेलंही नसतं.

उच्चाराचं म्हणाल तर चूक ती चूकच. ‘आणि’ला ‘आनि’ म्हणू नये, निदान बातमीत तरी. मी त्यात सूट मागणार नाही. बर्वे, भिडे, भावे यांच्याकडून घ्यायचं ते हेच, आणि मेहनतीने घ्यायचं. पण आपण स्वयंपाकघरात काय म्हणतो? ‘पानी आन गं जरा.’ जीभ आपल्या घरातूनच घेऊन ती पोर तिथे बसली आहे. तिला कुणी शिकवलं? पुण्या-मुंबईच्या निवेदकांना नाटकाची तालीम होती, आकाशवाणीचा सराव होता, आजूबाजूला चूक दाखवणारी जाणती माणसं होती. हिला दाखवायला आहे कोण? आपण. आपण दाखवतो ती चारशे जणींच्या गटावर, लाल गोल काढून.

मी एकदा तिला विचारलं, राग येत नाही का? ती म्हणाली, ‘काकू, राग कशाला? त्या जुन्या क्लिपला किती लाइक आलेत बघा, आणि त्याच दिवशी मी पाणीपट्टीचं सांगितलं ते किती जणींनी पाहिलं ते बघा.’ बघितलं. आकडा इथे लिहीत नाही, गटातल्या मोजून घेतील. त्याच आठवड्यात पाणीपट्टीची शेवटची तारीख कोणती म्हणून गटावर पाच वेळा विचारणा झाली होती.

आपल्या गटात निवृत्त झालेल्या मराठीच्या तीन शिक्षिका आहेत. तिघींचाही ‘ण’ खणखणीत आहे, आणि लाल गोल काढणाऱ्या बाई त्यांच्यातल्याच. तिघींपैकी एकीने आठवड्यातून एक तास त्या मुलीशेजारी बसावं, बातमी वाचायच्या आधी कागद ऐकून घ्यावा, इतकंच मला सुचवायचं आहे. कन्नड उत्तम येणाऱ्या तर आपल्यात ढिगाने आहेत, पत्रकाच्या भाषांतराला एकीने हात लावला तरी तिचा अर्धा तास वाचेल. तिचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे, पण मी पाहून आले आहे, साडी नेसून चढता येतो.